तुसिताला

परक्या देशात पैसे देऊन जमीन घेता येते. पण तेथील लोकांच्या मनात जागा कशी मिळवायची? रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या प्रसिद्ध लेखकाने ती कशी मिळवली, ते या पाठात सांगितले आहे.

'ट्रेझर आयलंड' ही समुद्री चाच्यांची आणि पुरलेल्या खजिन्याची कादंबरी जगभरातील मुले आवडीने वाचतात. तिचे लेखक स्टीव्हन्सन यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात झाला. त्यांचे वडील थॉमस हे दीपगृहे बांधणारे नामांकित इंजिनिअर होते. रॉबर्ट हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याची छाती लहानपणापासून नाजूक होती. एडिंबरोची थंड, दमट हवा त्याला सोसत नसे. कित्येक दिवस तो अंथरुणातच पडून असे. त्याची दाई रात्र रात्र जागून त्याला गोष्टी सांगे. तेव्हापासून गोष्टींचे वेड त्याला लागले.

मुलाने आपलाच व्यवसाय करावा, असे वडिलांना वाटत होते. रॉबर्टने इंजिनिअरिंगचे शिक्षण सुरू केले, पण त्यात त्याचे मन रमले नाही. मग तो कायदा शिकला आणि १८७५ साली वकील झाला. तरी त्याचा सारा ओढा लेखनाकडेच होता. १८८३ साली 'ट्रेझर आयलंड' पुस्तकरूपाने निघाले आणि स्टीव्हन्सन यांचे नाव घरोघरी पोहोचले. कीर्ती मिळाली, पैसाही मिळाला. प्रकृती मात्र सुधारली नाही.

१८८७ साली वडील वारले. त्याच वर्षी स्टीव्हन्सन यांनी मायदेश सोडला. १८८८ च्या जूनमध्ये पत्नी फॅनी, आई आणि सावत्र मुलगा यांना घेऊन ते सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजाने पॅसिफिक महासागरात निघाले. समुद्राच्या उबदार हवेत त्यांना बरे वाटू लागले. अनेक बेटे पाहत १८८९ च्या डिसेंबरमध्ये ते सामोआच्या आपिया बंदरात उतरले. सामोआ हा हवाई आणि न्यूझीलंड यांच्या दरम्यान असलेला बेटांचा समूह आहे.

१८९० साली त्यांनी आपियापासून सुमारे पाच किलोमीटरवर, वाएआ डोंगराच्या पायथ्याशी तीनशेहून अधिक एकर जमीन विकत घेतली. त्या जागेचे नाव वायलिमा. आरंभी तेथे कायमचे राहण्याचा त्यांचा विचार नव्हता. परंतु त्याच वर्षी ते ऑस्ट्रेलियात सिडनीला गेले आणि तेथे पुन्हा आजारी पडले. थंड हवेच्या देशात आपण जगणार नाही, हे त्यांनी ओळखले. आता सामोआ हेच त्यांचे घर होते.

त्या काळी सामोआत येणारे परदेशी लोक बहुधा व्यापार करण्यासाठी येत. त्यांनी जमिनींवर केलेले दावे एकत्र केले, तर ते सगळ्या बेटांच्या क्षेत्रफळाच्या दुपटीहून अधिक होत! १८८९ च्या करारानुसार जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका हे तीन देश मिळून सामोआच्या कारभारावर देखरेख करीत. नाव सामोआच्या राजाचे. सत्ता मात्र परक्यांची.

स्टीव्हन्सनही परकेच होते. पण ते सामोआची भाषा शिकले. लोकांच्या रीतिभाती त्यांनी समजून घेतल्या. १८९१ साली त्यांची एक कथा सामोअन भाषेत छापली गेली. बाटलीत राहणारा एक जिन मालकाच्या इच्छा पुरवतो, अशी ती गोष्ट होती. काही वाचकांना ती खरीच वाटली. ती बाटली या लेखकाच्या तिजोरीत असली पाहिजे. त्याशिवाय एवढे मोठे घर कसे बांधले, असे ते म्हणत. लोक त्यांना तुसिताला म्हणू लागले. तुसिताला म्हणजे गोष्टी लिहिणारा.

सामोआत राजा मालिएतोआ लाउपेपा आणि सरदार माताआफा यांच्यात वैर होते. राजाच्या पाठीशी तिन्ही परके देश होते. स्टीव्हन्सन यांना माताआफाची बाजू योग्य वाटत होती. परदेशी अधिकाऱ्यांच्या चुका त्यांनी लंडनच्या वृत्तपत्रात पत्रे पाठवून उघड केल्या. १८९२ साली त्यांनी त्यावर एक पुस्तकही लिहिले. अधिकारी चिडले. पश्चिम पॅसिफिकच्या ब्रिटिश हाय कमिशनरांनी १८९२ च्या अखेरीस एक नियम काढला. सामोआच्या सरकारविरुद्ध बोलणाऱ्या किंवा लिहिणाऱ्या ब्रिटिश माणसाला त्यामुळे दंड आणि तुरुंगवास होऊ शकत होता. अशा माणसाला बेटाबाहेर घालवण्याचा अधिकारही हाय कमिशनरांना होता.

हा नियम कोणासाठी आहे, हे सर्वांना कळत होते. हद्दपार झाले असते, तर स्टीव्हन्सन यांचे घर गेले असते आणि ज्या हवेत ते जगू शकत होते, ती हवाही गेली असती. तरीही त्यांनी आपली मते सोडली नाहीत. सुदैवाने त्यांच्यावर हद्दपारीची वेळ आली नाही.

१८९३ साली युद्ध झाले. माताआफाचा पराभव झाला आणि त्याला दूरच्या मार्शल बेटांवर पाठवण्यात आले. त्याचे सरदार आपियाच्या तुरुंगात पडले. हरलेल्या माणसांकडे कोण पाहणार? स्टीव्हन्सन मात्र तुरुंगात जाऊन त्यांना भेटत. ते त्यांना अन्न पुरवीत, आजाऱ्यांच्या औषधपाण्याची सोय करीत.

१८९४ साली सरदार सुटले. तुसितालाचे उपकार कसे फेडावे? वायलिमाच्या घरापर्यंत चांगला रस्ता नव्हता. तो आपण बांधावा, असे त्यांनी ठरवले. सरदार म्हणजे मोठी माणसे. पण त्यांनी स्वतः कष्ट केले. मजुरी घेतली नाही. जेवणही आपापले आणले. ऑक्टोबरमध्ये रस्ता पूर्ण झाला. त्याला त्यांनी प्रेमळ हृदयांचा रस्ता असे नाव दिले. त्या दिवशी स्टीव्हन्सन यांनी सर्वांना मेजवानी दिली. आपली जमीन कसा, रस्ते बांधा, नाही तर दुसरे येऊन ती घेतील, असे त्यांनी सरदारांना कळकळीने सांगितले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ३ डिसेंबर १८९४ रोजी संध्याकाळी स्टीव्हन्सन घरात एकाएकी कोसळले आणि त्याच रात्री त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ४४ वर्षांचे होते. सामोअन लोकांनी आपल्या मौल्यवान चटया आणून त्यांच्या देहावर पांघरल्या. वाएआच्या माथ्यावर आपल्याला पुरावे, अशी त्यांची इच्छा होती. पण वर जायला वाट नव्हती. लोकांनी जंगल तोडून वाट काढली आणि दुसऱ्या दिवशी तुसितालाला खांद्यावरून शिखरावर नेले.

१ जानेवारी १९६२ रोजी पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला. परंपरेने गावांकडे आणि कुळांकडे असलेली जमीन विकण्यास तेथील राज्यघटनेने मनाई केली. वायलिमाच्या घरात १९९४ साली संग्रहालय सुरू झाले. डोंगरमाथ्यावर तुसितालाची कबर आहे. सामोआच्या लोकांनी तोडलेल्या त्या वाटेने शिखर गाठून आजही माणसे तिचे दर्शन घेतात.

स्वाध्याय

१. स्टीव्हन्सन यांनी सामोआत कायमचे राहण्याचे का ठरवले?
२. 'तुसिताला' या शब्दाचा अर्थ काय?
३. हद्दपार झाल्यास स्टीव्हन्सन यांचे कोणते नुकसान झाले असते?
४. सरदारांनी रस्ता बांधताना मजुरी का घेतली नसेल? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.