वूडलीचा अपघात आणि डग्लस बाडर यांचे दुसरे आयुष्य

स्लाऊहून रेडिंगकडे जाणारी गाडी ट्वायफर्ड सोडते, तेव्हा डाव्या हाताला वूडलीची वस्ती असते. आज तेथे घरे आणि विमानविद्येचे एक छोटे संग्रहालय आहे. 1931 साली मात्र तेथे विमानतळ होता आणि हौशी तरुण तेथे विमान चालवायला शिकत. 14 डिसेंबर 1931 रोजी याच मैदानावर ब्रिटिश हवाई दलातील 21 वर्षांच्या एका अधिकाऱ्याचे विमान कोसळले. त्या अधिकाऱ्याचे नाव डग्लस बाडर.

बाडर यांचा जन्म 21 फेब्रुवारी 1910 रोजी लंडनमध्ये झाला. वडील भारतात स्थापत्य अभियंता होते आणि बालवयात काही काळ डग्लसही त्यांच्यासोबत भारतात राहिले. पहिल्या महायुद्धातील जखमांमुळे 1922 मध्ये वडील निवर्तले. पुढे ऑक्सफर्डच्या सेंट एडवर्ड्स शाळेतून बाडर क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयात दाखल झाले आणि 1930 मध्ये अधिकारी होऊन केनली येथील 23 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाले. रग्बीचे मैदान असो वा आकाश, त्यांना मागे राहणे ठाऊक नव्हते. 1931 च्या हेंडन येथील हवाई प्रदर्शनात त्यांच्या कसरतींची मोठी वाहवा झाली.

या यशातच अपघाताचे बीज होते. स्क्वाड्रनला नव्याने मिळालेले ब्रिस्टल बुलडॉग हे विमान वजनाने जड होते आणि कोलांटी घेताना उंची चटकन गमावत असे. कमी उंचीवर कसरती करू नयेत, असा आदेश होता. त्या दिवशी वूडलीच्या क्लबमधील तरुणांनी कसरतीचा आग्रह धरला. बाडर प्रथम राजी नव्हते. पण बोलणे आव्हानापर्यंत पोहोचले आणि ते उडाले. जमिनीलगत कोलांटी घेताना डाव्या पंखाचे टोक मातीला टेकले. यंत्रात दोष नव्हता, हवामानाचाही नव्हता. निर्णय सर्वस्वी त्यांचा होता.

रेडिंगच्या रॉयल बर्कशायर रुग्णालयात लिओनार्ड जॉइस या शल्यविशारदाने त्यांचे प्राण वाचवले, पण दोन्ही पाय कापावे लागले: उजवा गुडघ्याच्या वर, डावा गुडघ्याखाली. रोहॅम्प्टन येथे कृत्रिम पाय बसवल्यावर काठीचा आधार न घेता चालायचे, असा त्यांनी निश्चय केला आणि तो आयुष्यभर पाळला. ते पुन्हा मोटार चालवू लागले, गोल्फ खेळू लागले. 1932 मध्ये विमानही सफाईने चालवून दाखवले. तरीही 1933 मध्ये हवाई दलाने त्यांना निवृत्त केले. ज्याला उडता येते, त्याला केवळ पाय नाहीत म्हणून जमिनीवर बसवावे काय, हा प्रश्न तेव्हा अनुत्तरित राहिला. त्याच वर्षी थेल्मा एडवर्ड्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि एका तेल कंपनीच्या कचेरीत त्यांनी सहा वर्षे काढली.

1939 मध्ये युद्ध सुरू झाले आणि अनुभवी वैमानिकांची गरज भासताच हवाई दलाचे दार उघडले. 1940 च्या ब्रिटनच्या हवाई युद्धात बाडर हरिकेन विमानांच्या 242 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते. स्लाऊलगतच्या लँगली येथील कारखान्यातही हीच विमाने बांधली जात. शत्रूची 20 हून अधिक विमाने त्यांच्या नावावर आहेत. अनेक स्क्वाड्रन एकत्र नेऊन लढण्याच्या त्यांच्या आग्रहाबद्दल मात्र इतिहासकारांत आजही मतभेद आहेत.

9 ऑगस्ट 1941 रोजी फ्रान्सवर त्यांचे विमान निकामी झाले. बाहेर पडताना उजवा कृत्रिम पाय विमानात अडकून राहिला. तो तुटला म्हणूनच ते सुटले. जर्मनांच्या संमतीने ब्रिटिश विमानाने नवा पाय छत्रीने खाली टाकला. पण तोवर बाडर यांनी रुग्णालयाच्या खिडकीतून चादरींच्या दोराने उतरून पलायनाचा प्रयत्न केलाही होता. अखेर त्यांना कोल्डिट्झच्या किल्ल्यात ठेवले गेले. एप्रिल 1945 मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांची सुटका केली.

1954 चे चरित्र आणि 1956 चा चित्रपट यांमुळे ते घरोघरी पोहोचले. प्रत्यक्षातील बाडर चित्रपटातल्याइतके सोज्वळ नव्हते. ते फटकळ आणि हट्टी होते. ऱ्होडेशियातील गोऱ्यांच्या राजवटीची त्यांनी उघड पाठराखण केली, ही गोष्ट भारतीय वाचकाला बोचल्यावाचून राहत नाही.

मात्र पाय गमावलेल्यांशी वागताना त्यांची ही उद्धट बाजू मागे पडत असे. युद्धानंतरच्या दशकांत ते अशा असंख्य रुग्णांना, विशेषतः मुलांना, भेटत राहिले. त्यांना दया नको, चालण्याचा सराव हवा, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. याच सेवेसाठी 1976 मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. 5 सप्टेंबर 1982 रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची संस्था अपंगांसाठी आजही कार्यरत आहे.

वूडलीच्या अपघाताला पराक्रमाचे वलय देणे योग्य ठरणार नाही. तो टाळता आला असता. बाडर यांचे मोठेपण त्यानंतरच्या 50 वर्षांत आहे. एका क्षणाच्या अविचाराचे ओझे त्यांनी तक्रार न करता वाहिले आणि तसेच ओझे वाहणाऱ्या इतरांना उभे राहायला शिकवले.