एचडीआर हा शब्दही नव्हता, तेव्हा या पठ्ठ्यानं काचेवर एचडीआर करून दाखवलं होतं

एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ एकदम झकास दिसतोय, आभाळातला ढगन् ढग मोजता येतोय. एक्स्पोर्ट करून फोनवर टाकला की तोच व्हिडिओ राख फासल्यासारखा फिका. एचडीआरच्या नादी लागलेल्या अनेकांचं हे दुखणं.

यामागं कारण असं की, कॅमेऱ्यानं टिपलेला उजेड-अंधाराचा पल्ला मोठा असतो आणि साध्या पडद्याचा लहान. म्हणून एचडीआर एक्स्पोर्ट करताना 10 बिट, रेक. 2020 रंग आणि पीक्यू किंवा एचएलजी अशी निवड करावी लागते. ही माहिती फाइलसोबत गेली नाही, तर प्लेअर तिला साधा व्हिडिओ समजतो आणि रंग उडतात. माहिती गेली आणि पडदाच साधा असला, तर तो पल्ला दाबून बसवावा लागतो. याला म्हणतात टोन मॅपिंग.

मोठा पल्ला लहान जागेत बसवायची हीच झटापट एका फ्रेंच माणसानं 1850 च्या दशकात केली होती. हाताशी होतं काय, तर काच, केमिकल आणि कागद.

गुस्ताव ल ग्रे त्याचं नाव. जन्म 1820 चा, पॅरिसजवळच्या व्हिलिये-ल-बेलचा. व्हायचं होतं चित्रकार. पॉल देलारोशच्या स्टुडिओत शिकला, इटलीत राहिला, तिथंच लग्न केलं. पण पॅरिसला परतल्यावर फोटोग्राफीनं त्याला धरलं ते धरलंच. 1851 मध्ये त्यानं मेण लावलेल्या कागदाची निगेटिव्ह आणली. हा कागद कित्येक दिवस आधी तयार करून ठेवता यायचा, त्यामुळं फिरस्त्या फोटोग्राफरची मोठी सोय झाली. त्याच वर्षी सरकारनं जुन्या वास्तूंचे फोटो काढायला पाच जण निवडले, त्यात हा होता.

खरी गंमत समुद्रावर झाली. तेव्हाच्या कलोडियन काचा निळ्या उजेडाला फार लवकर भुलायच्या. लाटा नीट येईपर्यंत थांबलं की आभाळ जळून पांढरंफटक. आभाळ सांभाळलं की खाली काळोख. बरेच जण कोऱ्या आभाळावर समाधान मानायचे.

ल ग्रेनं काय केलं, तर काही फोटोंसाठी दोन निगेटिव्ह वापरल्या. एक समुद्राची, एक आभाळाची. कागदावर छापताना आधी एक भाग झाकायचा, मग दुसरा, आणि क्षितिजाच्या रेषेवर सांधा लपवायचा. 1857 ची सेतची ‘मोठी लाट’ अशीच जोडलेली आहे. एकच आभाळ त्यानं वेगवेगळ्या समुद्रांवर चढवलेलंही सापडतं. आज कुणी असं केलं, तर कमेंटमध्ये फेक फेक म्हणून धिंगाणा होईल.

नाव झालं, तिसऱ्या नेपोलियनची कामं मिळाली, पॅरिसच्या बुलव्हार दे काप्युसिनवर आलिशान स्टुडिओ थाटला. पण पैशाचं गणित या गड्याला कधी जमलं नाही. 1860 मध्ये कंपनी मोडली. बायकापोरांना मागं टाकून तो लेखक अलेक्झांडर ड्युमाच्या जहाजावर चढला. सिसिलीत त्यानं गॅरिबाल्डीचा फोटो काढला, तोडफोड झालेलं पालेर्मो टिपलं. पुढं ड्युमाशी बिनसलं आणि ड्युमानं त्याला माल्टाला उतरवून दिलं.

तिथून लेबनॉन, मग इजिप्त. पॅरिसला तो परतलाच नाही. चित्रकार व्हायला निघालेला हा माणूस कैरोत चित्रकला शिकवून पोट भरत होता. 1884 मध्ये तिथंच वारला.

1999 साली लंडनमध्ये ‘मोठी लाट’ची एक प्रिंट लिलावात निघाली. बोली गेली 5,07,500 पौंडांवर. तोवर लिलावात एवढी किंमत कुठल्याच फोटोला आली नव्हती.