कॉर्टोनाची संत मार्गारेट

पाय घसरलेल्या स्त्रीला जग सहसा क्षमा करीत नाही. तिच्याबरोबर चुकलेल्या पुरुषाची चूक ते लवकर विसरते. तिची मात्र जन्मभर उगाळते. अशाच एका स्त्रीला कॅथलिक ख्रिस्तसभेने संतपद दिले. तिची जीवनकथा भगिनींपुढे ठेवीत आहे.

इटलीतील लाव्हियानो या खेड्यात १२४७ साली एका शेतकऱ्याच्या घरी मार्गारेट जन्मली. ती सात वर्षांची असताना आई वारली. बापाने दुसरे लग्न केले. सावत्र आईचे व तिचे कधी पटले नाही. घरात माया उरली नाही आणि मुलगी रूपवान! ऐन तारुण्यात एका तरुण सरदाराने लग्नाचे वचन दिले व ती त्याच्याबरोबर निघून गेली. नऊ वर्षे ती त्याच्या वाड्यात राहिली, तिला मुलगा झाला. पण लग्न काही झाले नाही.

एके दिवशी त्याचा कुत्रा एकटाच परतला व तिचे वस्त्र ओढू लागला. त्याच्यामागून ती रानात गेली, तो तेथे धन्याचे प्रेत! कोणी तरी त्याचा खून केला होता. त्या क्षणी तिचे डोळे उघडले. दागदागिने परत करून, मुलाचा हात धरून ती माहेरी आली. परंतु सावत्र आईने तिला थारा दिला नाही.

रूप अजून होते. पुन्हा जुन्या वाटेला लागणे अवघड नव्हते. तो मोह मनात आलाही. पण ती कॉर्टोना शहरी फ्रान्सिस्कन संन्याशांकडे गेली. दोन दयाळू स्त्रियांनी मायलेकरांना आसरा दिला. ती आजाऱ्यांची शुश्रूषा करून पोट भरू लागली. संघाच्या तिसऱ्या शाखेत प्रवेश मिळण्यास मात्र तिला तीन वर्षे थांबावे लागले; तरुण व सुंदर बाई टिकेल काय, अशी शंका होती. १२७७ साली तो मिळाला.

पश्चात्तापाच्या भरात तिने आपले रूप विद्रूप करण्याचे मनात आणले, तेव्हा तिचे आध्यात्मिक गुरू ज्युंता यांनी तिला मना केले. देवाला देहाची नासाडी नको, मनाचा पालट हवा. मुलाच्या वाट्याला तिची माया कमी आली, हे वाचून आपले मन खिन्न होते. संतही अपुरेच असतात! तो मुलगा पुढे फ्रान्सिस्कन संन्यासी झाला.

ज्युंता यांनी तिचे चरित्र लिहिले. त्यात एक हृद्य गोष्ट आहे. प्रार्थनेत प्रभू तिला आरंभी गरीब बाई म्हणे. कन्या म्हणून हाक यावी, ही तिची तळमळ. आयुष्यातील सारी पापे तिने पापनिवेदनात मनापासून सांगितली आणि मग ती हाक आली.

गरीब रुग्णांसाठी तिने कॉर्टोनात रुग्णालय उभारले. तरी लोकापवाद सुटला नाही. तिच्या व ज्युंतांच्या संबंधांविषयीही कुजबूज झाली. तिने सेवा सोडली नाही. २२ फेब्रुवारी १२९७ रोजी ती निवर्तली व १७२८ साली संत म्हणून घोषित झाली.

भगिनींनो, देवाने क्षमा केलेल्या माणसाला शेजाऱ्यांनी क्षमा करायला किती वर्षे लावावीत? आपल्या आळीत अशी कोणी मुलाचा हात धरून परत आली, तर आपले दार तिला उघडे असेल ना?