आन्त्वान लॅव्हाझिए : रसायनशास्त्राचा जमाखर्च मांडणारा माणूस



नववी-दहावीच्या मुलांना रासायनिक समीकरण संतुलित करायला दिलं की बरीच मुलं ते कोडं सोडवल्यासारखं सोडवतात. इकडे दोन लिही, तिकडे तीन लिही, आकडे जुळले की झालं. पण दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत हा हट्ट कशासाठी, असं विचारलं की वर्ग गप्प. हा हट्ट धरणाऱ्या माणसाचं चरित्र मुलांना आधी सांगितलं, तर पुढची गणितं बरीच सोपी जातात असा माझा अनुभव आहे. मात्र या गोष्टीचा शेवट गोड नाही, हे आधीच सांगते.

आन्त्वान लॅव्हाझिए यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील वकील, घर सधन. आई लहानपणीच गेली. वडिलांच्या मार्गाने त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण मन विज्ञानात होतं. १७६८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. करवसुलीच्या मक्त्यात हिस्सा विकत घेतला. तिथली पद्धत अशी होती, की मक्तेदारांनी राजाला ठरलेली रक्कम भरायची आणि मग मीठ, तंबाखू यांवरचे कर लोकांकडून वसूल करायचे. वरचा पैसा मक्तेदारांचा. गरिबाला मीठसुद्धा महाग झालेलं, त्यामुळे लोकांचा या मंडळींवर किती राग असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. लॅव्हाझिए यांची प्रयोगशाळा, तिथले अतिशय बारीक वजन दाखवणारे महागडे तराजू, हे सगळं याच पैशातून उभं राहिलं. मुलांना सांगताना हा भाग गाळू नका.

१७७१ मध्ये एका सहकारी मक्तेदाराच्या मुलीशी, मारी-आन हिच्याशी, त्यांचं लग्न झालं. ते २८ वर्षांचे, ती अवघी १३ वर्षांची! पण ही मुलगी पुढे त्यांच्या कामाचा अर्धा भार उचलू लागली. इंग्रजी शिकून तिने तिकडचे रसायनशास्त्राचे लेखन फ्रेंचमध्ये आणलं, प्रयोगांच्या नोंदी ठेवल्या, चित्रकला शिकून उपकरणांच्या अचूक आकृत्या काढल्या.

आता मुख्य कामाकडे येऊ. त्या काळी एक समज होता, की पाणी खूप उकळलं की त्याची माती होते; भांड्याच्या तळाशी गाळ दिसतोच ना! लॅव्हाझिए यांनी बंद काचपात्रात पाणी १०१ दिवस तापवलं. आधी वजन केलं, नंतर केलं. एकूण वजन तेवढंच. मग रिकामं पात्र वेगळं तोललं, तर ते हलकं झालेलं, आणि जवळपास तेवढ्याच वजनाचा गाळ निघालेला. म्हणजे गाळ पाण्याचा नव्हता, काचेचा होता. वाण्याच्या वहीत जसा एका खात्यातून गेलेला पैसा दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात सापडलाच पाहिजे, तशी ही रीत. हिशेबात तूट दिसली की ती शोधायची, सोडून द्यायची नाही.

दुसरा समज याहून पक्का होता. पदार्थ जळताना त्यातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचं काहीतरी बाहेर पडतं, असं मोठमोठे विद्वान मानत. लाकूड जळून मूठभर राख उरते, तेव्हा ते पटतंही. पण गंधक आणि फॉस्फरस जाळल्यावर वजन वाढतं, हे १७७२ मध्ये लॅव्हाझिए यांनी मोजून पाहिलं. काही बाहेर गेलं असेल तर वजन वाढेल कसं? (गंजलेला खिळा आधीपेक्षा हलका होईल की जड, हे उद्या वर्गात विचारून बघा. गंज झाडून न टाकता, बरं का. बहुतेक मुलं ‘हलका’ म्हणतील.)

ऑक्टोबर १७७४ मध्ये इंग्लंडचे जोसेफ प्रिस्टली पॅरिसला आले होते. पाऱ्याचं लाल भस्म तापवल्यावर एक विलक्षण वायू मिळतो, त्यात मेणबत्ती भडकून जळते, हे त्यांनी लॅव्हाझिए यांना सांगितलं. स्वीडनच्या शील यांनी तर हा वायू त्याआधीच मिळवला होता. या दोघांचं श्रेय लॅव्हाझिए यांनी मोकळेपणाने दिलं नाही, ही त्यांची उणीव मला खटकते. पण त्या वायूचा अर्थ लावला तो त्यांनीच.

तो प्रयोग आकड्यांसकट फळ्यावर मांडण्यासारखा आहे. बंद जागेतल्या ५० घन इंच हवेच्या सान्निध्यात ४ औंस पारा त्यांनी १२ दिवस तापवला. पाऱ्यावर लाल कण जमले आणि हवा ४२-४३ घन इंच उरली. उरलेल्या हवेत मेणबत्ती विझायची. मग ते लाल कण गोळा केले, ते भरले ४५ ग्रेन. (ग्रेन हे जुनं वजन, एका ग्रॅमच्या विसाव्या भागाहून किंचित जास्त.) ते जोरात तापवल्यावर ४१.५ ग्रेन पारा आणि ७ ते ८ घन इंच वायू मिळाला. म्हणजे जेवढी हवा नाहीशी झाली होती, जवळपास तेवढीच परत आली.

आता हेच आपल्या पुस्तकी पद्धतीने करू. मर्क्युरिक ऑक्साइडच्या दोन रेणूंपासून पाऱ्याचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळतो. पाऱ्याचं अणुवस्तुमान २०१ धरा, ऑक्सिजनचं १६. एका रेणूचं झालं २१७. म्हणून ४५ ग्रेनमध्ये ऑक्सिजन किती?

४५ × १६ ÷ २१७ = सुमारे ३.३ ग्रेन

आणि लॅव्हाझिए यांचा हिशेब? ४५ वजा ४१.५, म्हणजे ३.५ ग्रेन. अणुवस्तुमानाची कल्पनाही नसलेल्या काळात, नुसत्या तराजूवर! हे गणित मुलांकडून एकदा करून घ्याच.

घरी किंवा वर्गात करायला साधा प्रयोग हवा असेल तर बाटलीत लिंबाचा रस आणि फुग्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घ्या. फुगा बाटलीच्या तोंडावर घट्ट बसवून वजन करा, मग सोडा आत पाडून पुन्हा करा. सोडा चिमूटभरच हवा. फुगा मोठा फुगला तर भोवतालची हवा त्याला थोडं वर उचलते आणि काटा ग्रॅमभर कमी दाखवतो. वायू पळालेला नसतो, पण मुलांना नियम खोटा वाटतो.

पुढे त्यांनी या वायूला ‘ऑक्सिजन’, म्हणजे आम्ल तयार करणारा, असं नाव दिलं. सगळ्या आम्लांत तो असतो असं त्यांना वाटायचं. ते चुकीचं ठरलं. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाही. गंमत म्हणजे श्वसन हे मंद ज्वलनच आहे, हेही त्यांनीच गिनीपिगवर प्रयोग करून दाखवलं होतं. त्यामुळे आपला ‘प्राणवायू’ हा शब्द मला जास्त चपखल वाटतो. १७८७ मध्ये तीन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी संयुगांना नावं देण्याची नवी पद्धत आणली, आणि १७८९ मध्ये त्यांचं पाठ्यपुस्तक आलं. त्यात ३३ मूलद्रव्यांची यादी होती, प्रकाश आणि उष्णतासुद्धा त्यात! अभिक्रियेच्या आधी आणि नंतर द्रव्य तेवढंच असतं, हा नियमही त्याच पुस्तकात स्पष्ट मांडला आहे. आकृत्या मारी-आनच्या हातच्या.

त्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती झाली. मक्तेदारी बंद पडली, पण लोकांचा राग शिल्लक होता. नोव्हेंबर १७९३ मध्ये मक्तेदारांना अटक झाली. तंबाखूत पाणी मिसळून वजन वाढवल्याचाही आरोप होता. आयुष्यभर वजनं तोलणाऱ्या माणसावर हा आरोप! ८ मे १७९४ रोजी सकाळी खटला चालला आणि त्याच दिवशी २८ जणांना गिलोटिनखाली मारलं गेलं. त्यात मारी-आनचे वडीलही होते आणि पतीही. लॅव्हाझिए पन्नास वर्षांचे होते. न्यायाधीशाच्या तोंडी एक प्रसिद्ध वाक्य घातलं जातं, पण त्याला पुरावा नाही, म्हणून मुलांना ते सांगू नये असं मला वाटतं.

घर, वह्या, उपकरणं सगळं जप्त झालं. मारी-आनने पाठपुरावा करून ते परत मिळवलं आणि पतीचे अपुरे राहिलेले लेख १८०५ मध्ये छापून शास्त्रज्ञांना वाटले. त्यानंतर ती एकतीस वर्षं जगली. लॅव्हाझिए यांची बरीच उपकरणं, ते तराजूसुद्धा, आज पॅरिसच्या तंत्रकला संग्रहालयात आहेत.