इमाम अबू यूसुफ (रह.) : गुरूंचा आदर आणि सत्याचा शोध

वाचकहो, बिनव्याजी कर्ज, नफा-तोट्यातील भागीदारी, तकाफुल या विषयांवर आज जगभर संशोधन चालू आहे. त्यात विद्वानांची मते जुळत नाहीत, हे पाहून आपल्यापैकी अनेकांचे मन अस्वस्थ होते. धर्म एक असताना मते दोन कशी, असे आपण विचारतो. हा प्रश्न मनात असेल तर इमाम अबू यूसुफ (रह.) यांचे जीवन अवश्य अभ्यासावे.

त्यांचे नाव याकूब बिन इब्राहीम. हिजरी 113 (इ.स. 731) मध्ये कूफा शहरी एका निर्धन अन्सारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुलाने चार पैसे मिळवावेत ही घरच्यांची अपेक्षा होती, तर मुलाचे मन ज्ञानसभेत गुंतले होते. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी शिष्याची ही अडचण ओळखली. ते स्वतः कापडाचे व्यापारी होते. त्यांनी याकूबला खर्चासाठी पैसे दिले आणि ते संपण्यापूर्वी, मागण्याची वेळ येऊ न देता, पुन्हा देत राहिले.

ज्या गुरूंचे एवढे उपकार, त्यांच्याशी मतभेद करावा काय? अबू यूसुफ (रह.) यांनी तो केला, परंतु आदर राखून. जमीन बटाईने कसण्यास देणे, म्हणजे मुजारआ, गुरूंच्या मते वैध नव्हते; कारण कसणाऱ्याला मोबदला किती मिळणार हे करार करताना अज्ञात असते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खैबरची जमीन अर्ध्या उत्पन्नावर कसण्यास दिली होती, या आधारावर शिष्याने तो व्यवहार वैध ठरविला. पुढे हनफी पंथात फतवा याच मतावर दिला जाऊ लागला. तरीही गुरूंच्या थोरवीला यत्किंचितही उणेपणा आला नाही.

दुसरे उदाहरण तांब्याच्या नाण्यांचे, म्हणजे फुलूसचे. कर्ज घेतल्यानंतर त्या नाण्यांचे मूल्य घसरले, तर परतफेड कशी करावी? गुरूंच्या मते नाण्यांची संख्या तेवढीच राहील. अबू यूसुफ (रह.) यांचेही प्रथम हेच मत होते. पुढे ते बदलून त्यांनी व्यवहाराच्या दिवशीचे मूल्य ग्राह्य मानले. आपले मत बदलण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. महागाईमुळे कागदी चलनाचे मूल्य घटते, म्हणून आजही हा वाद जिवंत आहे. 1988 मध्ये कुवेत येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने, कर्ज जेवढे घेतले तेवढेच परत करावे, असा निर्णय दिला. तथापि ध्यानात घ्या, व्याज निषिद्ध आहे याविषयी दोन्ही बाजूंत तिळमात्र मतभेद नाही. न्यायाची बाजू कोणती, एवढाच शोध आहे.

गुरूंनी खलीफा मन्सूरचे न्यायाधीशपद नाकारले आणि कारावास पत्करला. हिजरी 150 मध्ये त्यांचे निधन झाले. शिष्याने मात्र हे पद स्वीकारले आणि हारून रशीदच्या काळात ते राज्याचे पहिले मुख्य न्यायाधीश, म्हणजे काजी-उल-कुजात झाले. दरबारात राहून जीभ बांधली जाण्याचे भय होतेच. त्यांनी काय केले, याची साक्ष त्यांचा ‘किताबुल खराज’ हा ग्रंथ देतो.

राज्याच्या महसुलाविषयी खलीफाने विचारलेल्या प्रश्नांना उत्तर म्हणून तो लिहिला गेला. आरंभीच त्यांनी खलीफाला अल्लाहसमोर द्याव्या लागणाऱ्या हिशेबाची आठवण करून दिली. इराकच्या सवाद प्रदेशात जमिनीच्या मापावर ठरलेला शेतसारा शेतकऱ्यांना झेपत नव्हता, आणि जमिनी ओस पडत होत्या. म्हणून पिकाच्या प्रमाणात सारा घ्यावा, असे त्यांनी सुचविले : आपोआप पाणी मिळणाऱ्या गहू व जवाच्या पिकावर 2/5 आणि रहाटाने पाणी काढावे लागते तेथे त्याहून कमी. वसुलीचा मक्ता देण्यास त्यांनी विरोध केला, कारण मक्तेदार आपल्या लाभासाठी रयतेला पिळून काढतो. सारा थकला म्हणून कोणाला मारू नये, उन्हात उभे करू नये, असेही त्यांनी बजावले. खलीफाने स्वतः बसून पीडितांची गाऱ्हाणी ऐकावीत, हा सल्लाही त्यांनी दिला.

हिजरी 182 (इ.स. 798) मध्ये बगदाद येथे त्यांनी या जगाचा निरोप घेतला.

वाचकहो, मतभेद स्वार्थातून निर्माण झाला तर तो फितना ठरतो. पुरावा आणि न्यायाच्या तळमळीतून झाला तर ती समाजावर कृपा असते. म्हणून एखादी आर्थिक योजना ‘इस्लामी’ म्हणून तुमच्यासमोर आली, तर केवळ नावावर समाधान मानू नका. तिचा आधार कोणता, जोखीम कोण उचलतो, आणि शेवटी भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे जाणत्या विद्वानांना विचारा. ज्यांचे उत्तर तुमच्या मताविरुद्ध जाईल, त्यांचाही आदर राखा. अल्लाह आपणा सर्वांना हलाल उपजीविका आणि सत्य स्वीकारण्याची सुबुद्धी देवो. आमीन.