संत गोन्सालो गार्सिया : मरणापलीकडची आशा



आपल्याकडे कुणी प्रभूघरी गेले, की गल्लीतले शेजारीपाजारी आपुलकीने दफनभूमीपर्यंत येतात. माती देऊन झाल्यावर त्यांच्यातील एखादा हळूच विचारतो, की आत्मा तर निघून गेला, मग या देहाला इतके का जपता? या प्रश्नाचे उत्तर आज आपण आपल्याच महाराष्ट्रातील एका संताच्या जीवनात शोधू या.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथे झाला. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली ते शिकले आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. ते व्यापारात शिरले. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना बंधू म्हणून स्वीकारले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. या फ्रान्सिस्कनांनी क्योटो शहरात कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालवली. ज्या देहांना घरच्यांनीही दूर लोटले होते, त्यांची सेवा तेथे होत असे.

१५९६ च्या अखेरीस जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने त्यांना पकडण्याचा हुकूम दिला. क्योटोमध्ये प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. मग ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी ठार मारण्यात आले. त्यांत २० जपानी होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी हा अवघ्या १२ वर्षांचा होता.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो तेव्हा सॉक्रेटिसचा मृत्यू अभ्यासला होता. देह हा आत्म्याचा तुरुंग, तेव्हा मरण म्हणजे सुटका, अशा विचाराने तो शांतपणे विष प्याला. विचार थोर आहे, पण ती आपली श्रद्धा नव्हे. दर रविवारी मिस्सामध्ये आपण मृतांच्या पुनरुत्थानाची आशा बोलून दाखवतो. देह तुरुंग असता, तर कुष्ठरोग्याची जखम धुण्यात काय अर्थ होता? पुनरुत्थित प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. प्रेमासाठी सोसलेले काहीही देव पुसून टाकत नाही, तर त्याचे गौरव करतो. गोन्सालोंचा तो कापलेला कानही देवाच्या हिशेबात आहे.

याचा अर्थ मरणाची भीती वाटूच नये असा नाही. गेथसेमनी बागेत खुद्द प्रभूही व्याकुळ झाला होता. भीती वाटणे म्हणजे अविश्वास नव्हे. भीती वाटत असतानाही पित्याचा हात न सोडणे, हीच श्रद्धा.

निशिझाका टेकडीवर सारे संपले, असे त्या दिवशी अनेकांना वाटले असेल. १६१४ साली तर जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पुढे नागासाकीत याच २६ रक्तसाक्ष्यांच्या नावाने ओउरा येथे चर्च उभे राहिले. १७ मार्च १८६५ रोजी तेथे काही गावकरी आले आणि आपणही ख्रिस्ती असल्याचे त्यांनी तेथील धर्मगुरूंना सांगितले. सुमारे अडीचशे वर्षे, बहुतांश काळ एकही धर्मगुरू नसताना, आई-वडिलांनी मुलांना श्रद्धा दिली होती. मातीत पडलेला दाणा मेला नव्हता. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी या २६ जणांना संत म्हणून घोषित केले होते. भारतात जन्मलेले गोन्सालो हे पहिले संत होत.

तेव्हा पुन्हा कुणी तो प्रश्न विचारला, तर संकोचू नका. ज्या देहाचा बाप्तिस्मा झाला, ज्याने ख्रिस्तप्रसाद घेतला, ज्या हातांनी आपल्याला भरवले, तो देह आम्ही टाकून देत नाही, पेरतो, असे सांगा. आणि आपल्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर त्यांचे अंग पुसताना, कूस वळवताना कंटाळू नका. पुनरुत्थानावरील श्रद्धा तेथेच सुरू होते.

संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती कर.