नट कुठलाही, बोल्ट कुठलाही : हेन्री मॉडस्लेची गोष्ट

जुनी बस विकत घेऊन तिचं फिरतं घर करणाऱ्यांचे व्हिडिओ तुम्ही यूट्यूबवर पाहिले असतीलच. पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, टपावर सोलर पॅनल. बघायला भारी वाटतं, पण खरी कटकट नंतर सुरू होते. टाकी धरून ठेवणारा ब्रॅकेट, पॅनलची फ्रेम, घडीच्या पलंगाचा पाय, यातलं काहीही तुमच्या बसच्या मापात तयार मिळत नाही. मग पत्रा कापा, वेल्डिंग करा, लेथवाल्याकडे खेटे घाला.

एवढ्या सगळ्यात एक गोष्ट मात्र आपण गृहीत धरतो. ब्रॅकेट घरचा असला तरी त्याचा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून आणायचा. कोल्हापुरात घेतलेल्या एम १० बोल्टवर नागपुरात घेतलेला एम १० नट सहज चढतो. सव्वादोनशे वर्षांपूर्वी तो चढला नसता. तो चढावा याची सुरुवात ज्याच्या वर्कशॉपमध्ये झाली, त्या माणसाची ही गोष्ट.

दारूगोळ्यातून भट्टीकडे

हेन्री मॉडस्लेचा जन्म २२ ऑगस्ट १७७१ ला लंडनजवळच्या वूलिचमध्ये झाला. वडील सैन्यात चाकं बनवायचं काम करायचे. जखमी झाल्यावर ते वूलिचच्या सरकारी शस्त्रागारात भांडार सांभाळू लागले. हेन्री लहान असतानाच ते गेले. बाराव्या वर्षी पोरगा त्याच शस्त्रागारात काडतुसांत दारू भरायला लागला. दोन वर्षांनी त्याला सुतारकामाला घातलं, पण त्याचं सगळं लक्ष लोहाराच्या भट्टीकडे. शेवटी पंधराव्या वर्षी त्याला भट्टीवरच पाठवलं. कॉलेज नाही, डिग्री नाही. हातातली कानस आणि डोळ्यातलं माप, एवढंच शिक्षण.

न उघडणारं कुलूप

त्याच काळात लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाच्या गृहस्थाने एक जबरदस्त कुलूप शोधून काढलं होतं. १७८४ मध्ये त्याचं पेटंटही घेतलं. अडचण एकच. आतले भाग इतके बारीक होते की हाताने घासून ते एकसारखे निघत नव्हते, आणि निघाले तरी परवडत नव्हते. डिझाइन तयार, पण प्रॉडक्ट नाही. आजच्या स्टार्टअपवाल्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल.

ब्रामाने १७८९ मध्ये अठरा वर्षांच्या हेन्रीला कामावर घेतलं. हेन्रीने कुलुपाचे भाग बनवणारी खास यंत्रंच बनवली. त्याच्या हातचं एक कुलूप ब्रामाच्या दुकानाच्या काचेत लावलं गेलं, किल्लीशिवाय उघडणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस! ते उघडलं थेट १८५१ मध्ये. आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपवाल्याला त्यासाठी १६ दिवसांत मिळून ५० तासांहून जास्त वेळ लागला.

हेन्री तोवर वर्कशॉपचा मुख्य झाला होता. लग्न झालं, संसार वाढला, पगार मात्र आठवड्याला ३० शिलिंग. त्याने पगारवाढ मागितली. ब्रामाने नाही म्हटलं. १७९७ मध्ये हेन्रीने नोकरी सोडली आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं.

लेथमध्ये त्याने काय बदललं?

तेव्हाचा टर्नर फिरणाऱ्या धातूवर हत्यार हातात धरून टेकवायचा. हात थरथरला की माप गेलं. स्क्रूचे आटे पाडणं तर आणखी अवघड. प्रत्येक बोल्टचे आटे वेगळे, म्हणून प्रत्येकाचा नटही त्याच्यापुरताच. यंत्र खोललं की कुठला नट कुठल्या बोल्टचा, याची खूण करून ठेवावी लागे. अदलाबदल झाली की डोक्याला ताप.

मॉडस्लेने १८०० च्या आसपास जो लेथ बनवला, त्यात तीन गोष्टी एकत्र होत्या. हत्यार पक्कं धरून सरकवणारा लोखंडी टेकू, म्हणजे स्लाइड रेस्ट. ते हत्यार ठरावीक वेगाने पुढे नेणारा लांब स्क्रू, म्हणजे लीड स्क्रू. आणि या दोघांना धातूच्या फिरण्याशी जोडणारे गिअर. गिअर बदलले की आट्यांमधलं अंतर बदलतं. यातली एकेक कल्पना आधी इतरांनीही वापरली होती. मॉडस्लेने ती सगळी एका भक्कम, पूर्ण धातूच्या मशीनमध्ये बसवली.

इथे एक मेख आहे. लीड स्क्रूत जी चूक असेल, ती त्यावर बनणाऱ्या प्रत्येक स्क्रूत उतरते. कोड कॉपी-पेस्ट केला की बगही सोबत येतो, तसंच. त्यामुळे पहिला स्क्रू अचूक करण्यासाठी त्याने जिवाचं रान केलं. मग आपल्या वर्कशॉपपुरता नियम घातला, की अमुक जाडीच्या बोल्टला अमुकच आटे.

अचूकपणाची सवय त्याने कामगारांनाही लावली. बाकावर घासून अगदी सपाट केलेल्या धातूच्या प्लेट ठेवल्या, आपलं काम सपाट आहे का ते ताडून बघायला. माप तपासायला त्याने एक मायक्रोमीटर बनवला, जो इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे साधारण अडीच मायक्रॉनपर्यंत फरक दाखवायचा. त्याला नाव दिलं लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे इंग्लंडचा सर्वोच्च न्यायाधीश. मापावरून वाद झाला की याचा निकाल अंतिम.

दहा माणसं, एकशे दहांचं काम

ब्रिटिश नौदलाला शिडांच्या दोरांसाठी वर्षाला सुमारे एक लाख लाकडी कप्प्या लागत. एकेका मोठ्या जहाजाला हजारभर. मार्क ब्रुनेलने त्या बनवणाऱ्या यंत्रांचं डिझाइन केलं आणि ती यंत्रं मॉडस्लेने घडवली. पोर्टस्मथला बसलेल्या या ४५ यंत्रांनी १८०८ मध्ये १,३०,००० कप्प्या काढल्या. आधी ११० कसबी कारागीर जे काम करत, ते आता १० साधी माणसं करू लागली. आज एआयच्या बातम्या वाचताना उरलेल्या शंभर जणांचा विचार माझ्या मनात हमखास येतो. ही भीती आपल्या पिढीची एकटीची नाही.

शिष्यांची फौज

पुढे लंडनच्याच लॅम्बेथ भागात त्याचा मोठा कारखाना उभा राहिला. तिथे शिकायला लोक लांबून येत. जेम्स नास्मिथ हा तरुण १८२९ मध्ये स्वतः बनवलेलं वाफेच्या इंजिनाचं मॉडेल घेऊन एडिंबरोहून आला आणि मॉडस्लेने त्याला जवळ ठेवून घेतलं. जोसेफ क्लेमंट इथेच काम करून गेला. पुढे चार्ल्स बॅबेजच्या गणकयंत्राचे धातूचे भाग त्यानेच बनवले. म्हणजे कॉम्प्युटरच्या पूर्वजाचे सुटे भागसुद्धा याच घराण्यातले! आणि जोसेफ व्हिटवर्थ. त्याने वेगवेगळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा करून सरासरी काढली आणि १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण मांडलं. एका वर्कशॉपचा नियम हळूहळू देशाचा झाला. आपल्याकडचे जुने मिस्त्री अजून चार सुती बोल्ट मागतात ना, अर्ध्या इंचाचा, इंचाला १२ आटे असलेला? तो व्हिटवर्थचाच.

मॉडस्ले हे बघायला नव्हता. फ्रान्समध्ये मित्राला भेटून परतताना त्याला सर्दी भरली, आणि काही आठवड्यांनी, १४ फेब्रुवारी १८३१ ला तो गेला. वूलिचला त्याला पुरलं. थडग्यावरचं स्मारक बिडाचं होतं, डिझाइन त्याचं स्वतःचं.

तर, बसचा ब्रॅकेट करायला घेताना एवढं लक्षात ठेवा. आकार तुमच्या मनासारखा असू द्या, पण भोकं आणि आटे मात्र बाजारातल्या मापाचेच ठेवा. लेथवाल्याकडे जाताना बोल्ट खिशात घेऊन जा आणि पिचही सांगा, कारण एम १० मध्ये १.५ आणि १.२५ मिलिमीटर असे दोन्ही मिळतात आणि ते एकमेकांत बसत नाहीत. रात्री आडगावात बोल्ट तुटला, तर समोरच्या गॅरेजवाल्याच्या डब्यात त्याचा भाऊबंद सापडायला हवा.